रनटाइम एरर २०० : आंब्याच्या हिशोबाचा डॉस प्रोग्राम नव्या मशीनवर उघडत नाही

हापूस_पेटी (देवगड)
टर्बो पास्कल ७ (प्रोग्राम लिहायची जुनी भाषा) मधला जुना डॉस प्रोग्राम आहे. पेट्या, गाडीभाडं, हमाली, वाशीहून येणारी दलालाची पट्टी (विक्रीचा हिशोब), सगळं त्यातच. जुन्या ४८६ कॉम्प्युटरचा बोर्ड खाऱ्या हवेने गंजला, म्हणून विंडोज ९८ चं पेंटियम ४ लावलं. आता पहिला स्क्रीन यायच्या आधीच 'रनटाइम एरर २००' येऊन बंद पडतो. तीच फाइल दुसऱ्या ४८६ वर नीट चालते. सोर्स कोड नाही. पाडव्याआधी चालू व्हायला हवा.

कातळसडा
फाइल चांगली आहे, मशीन जास्त वेगवान आहे. २०० म्हणजे शून्याने भागाकार, पण इथे शून्य कुठेच नाही. सीआरटी युनिट (टर्बो पास्कलचा स्क्रीन आणि डिले, म्हणजे थांबण्याचा वेळ, सांभाळणारा भाग) सुरू होताना घड्याळाच्या एका टिकमध्ये, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, रिकाम्या लूपचे किती फेरे होतात ते मोजतं आणि त्या आकड्याला ५५ ने भागतं. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ पर्यंतच मावतं. फेरे ३६ लाखांच्या वर गेले की ते मावत नाही, आणि प्रोसेसर त्यालाही भागाकाराचीच चूक धरतो. १९९२ च्या मशीनवर हा प्रश्नच नव्हता. २०० मेगाहर्ट्झच्या आसपास तो डोकं वर काढू लागला.

ईएक्सई फाइलची (प्रोग्रामच्या फाइलची) प्रत बाजूला ठेवा. एचएक्सडीसारख्या हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट थेट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) हे बाइट शोधा:

एफ७ डी० एफ७ डी२ बी९ ३७ ०० एफ७ एफ१

यातलं '३७ ००' म्हणजे ५५. तिथे 'ई८ ०३' लिहा, म्हणजे १०००. लहान बाइट आधी येतो, क्रम उलटवू नका. आणि ओव्हरराइटच करा. चुकून इन्सर्ट झालं तर पुढचे सगळे पत्ते सरकतात आणि प्रोग्राम लटकतो. सेव्ह करण्याआधी फाइलचा आकार एका बाइटनेही बदललेला नाही ना, ते बघा.

हापूस_पेटी (देवगड)
हे बाइट सापडतच नाहीत.

खाडीपलीकडे
मग फाइल दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) आहे. एडिटरमध्ये अगदी सुरुवातीला, उजव्या रकान्यात 'पीकेलाइट' किंवा 'एलझेड९१' ही दाबणाऱ्या प्रोग्रामची खूण दिसतेय का बघा. पीकेलाइट असेल तर त्याच्याच 'उणे एक्स' पर्यायाने सुटते. तसं नाही जमलं तर यूएनपी नावाचा प्रोग्राम वापरा, ते दोन्ही प्रकार उलगडतं. सुटल्यावर फाइल मोठी दिसेल, ते बरोबर आहे. मग वरचा बदल करा. हाताने बाइट बदलायचे नसतील तर सुटलेल्या फाइलवर टीपीपॅच नावाचा प्रोग्राम चालवा, ते हेच काम करतं.

हापूस_पेटी (देवगड)
पीकेलाइटच होतं. सुटलं, उघडलं! पण 'नोंद झाली' हा संदेश वाचायच्या आत पुसला जातो.

कातळसडा
तो या पॅचचाच (बाइट बदलण्याचाच) परिणाम. ५५ च्या जागी १००० ने भागल्यामुळे प्रत्येक डिले साधारण अठरापट आखूड झाला. बीपसुद्धा नुसती टिक वाजेल. हिशोबाला धक्का नाही. पुढे याहून वेगवान मशीनवर एरर परत आली तर 'एफएफ एफएफ' घाला, मात्र मग डिले जवळजवळ उरतच नाही.

खाडीपलीकडे
६४ बिट विंडोजवर गेलात तर हा पॅच पुरणार नाही, तिथे १६ बिट प्रोग्राम उघडतच नाही. डॉसबॉक्स-एक्स (जुन्या डॉस मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) घ्या, सायकल (त्या नकली मशीनचा वेग) १०,००० वर कायम ठेवा; मग पॅचचीही गरज नाही, मूळ फाइल चालेल आणि संदेशही थांबेल. पट्टी छापायला त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये पॅरलल पोर्ट (प्रिंटरची जुनी जोडणी) चालू करावा लागतो. साध्या डॉसबॉक्समध्ये तो नाही.