गरोदरपणात काय वाचलंत? (आणि काय मिटून ठेवलंत?)

अठरावा आठवडा चालूय. उशाशी तीन जाडजूड पुस्तकं, तिन्ही भेट आलेली, आणि तिन्ही चाळून मी आधीपेक्षा जास्त घाबरलेय. म्हणून हा धागा. तुम्ही काय वाचलं, कशाचा खरंच उपयोग झाला, कशाने हसायला आलं, लिहा ना. नाव आठवत नसेल तरी चालेल, पुस्तक कसं होतं ते सांगा.

*

माझ्याकडे दर आठवड्याला एक प्रकरण असलेलं पुस्तक होतं. पहिलं भांडण आठवड्यांवरूनच. डॉक्टर म्हणतात सहावा, मी म्हणतेय शक्यच नाही, आम्हाला माहितीये ना कधीचं ते! मग पुस्तकाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात सापडलं की मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून करतात, 280 दिवस तिथून, म्हणजे पहिले साधारण दोन आठवडे पोटात कोणी नसतंच. हे सुरुवातीलाच ठळक सांगणारं पुस्तक घ्या.

दुसरी चूक म्हणजे मी पुढचं वाचत सुटले. दुसऱ्या महिन्यात बसून आठव्या महिन्यातली गुंतागुंत वाचायची आणि रात्री दोनला नवऱ्याला उठवायचं, बघ रे पाय सुजलेत का. शेवटी त्याने पुढच्या सगळ्या पानांना रबरबँड लावला. दर रविवारी एक प्रकरण मोकळं करायचा. हसाल, पण मला झोप लागायला लागली.

*

रबरबँड भारी! फक्त धोक्याच्या लक्षणांचं पान त्यात अडकवू नका. रक्तस्राव, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर धूसर दिसणं, चेहऱ्यावर अचानक सूज, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काही झालं तर लगेच डॉक्टर. माझं बीपी असंच पकडलं गेलं, पुस्तकात वाचलेलं म्हणून फोन केला नाहीतर ऊन लागलं असेल म्हणून झोपून राहिले असते.

*

मोठ्या जाऊबाईंनी प्रेमाने त्यांच्या आईचं पुस्तक दिलं, पिवळी पानं, छान शिवलेलं. त्यात बाळाला पोटावर झोपवा असं लिहिलेलं. मी हादरले. नंतर कळलं की एकेकाळी हाच सल्ला सर्रास द्यायचे, डॉ. बेंजामिन स्पॉकच्या त्या 1946 च्या जगप्रसिद्ध पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांमध्येसुद्धा होता. मग पोटावर झोपणाऱ्या बाळांमध्ये झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो हे लक्षात आलं आणि 1990 च्या दशकात सल्ला उलटा झाला, बाळ पाठीवरच झोपवा. तेव्हापासून मी आधी आवृत्तीचं साल बघते, मग मुखपृष्ठ. जुनी कादंबरी खुशाल वाचा, जुना औषधाचा सल्ला नको. (पुस्तक अजून आहे माझ्याकडे, चित्रं फार गोड आहेत. जाऊबाईंना काही बोलले नाही.)

*

बाबालोकांना परवानगी आहे ना इथे? मला कुठूनतरी 1986 च्या एका प्रयोगाबद्दल कळलं. काही आयांनी शेवटचे सहा आठवडे रोज एकच गोष्ट मोठ्याने वाचली आणि जन्मल्यावर त्यांच्या बाळांनी अनोळखी गोष्टीपेक्षा तीच ऐकणं पसंत केलं, चोखणीवर चोखण्याच्या लयीवरून ते मोजलं. झालं, मी पेटलो. रोज रात्री वाचन. पण बायकोला बालगीतं ऐकून कंटाळा आला, म्हणाली ऐकणार मीपण आहे, माझ्या आवडीचं वाच. त्यामुळे आमच्या कन्येने जन्माआधी तीन खून आणि एक जबरी दरोडा ऐकलाय. प्रयोगात आईचा आवाज होता हे मला मागाहून कळलं. असो, बायको खूश होती.

*

वार (म्हणजे प्लासेंटा) खाली असल्यामुळे मला सक्तीची विश्रांती होती. सगळे म्हणाले आता काय, वाच हवं तेवढं. अहो, पोटावर पुस्तक टेकवता येत नाही, कुशीवर झोपून जाड पुस्तक धरलं की मनगट जातं, आणि पहिले तीन महिने तर मळमळीमुळे अक्षरं बघवत नव्हती, तेव्हा नुसती ऑडिओबुक्स. नंतर पातळ पुस्तकं, लघुकथा, विनोदी लेख, दहा मिनिटांत संपेल असं. एका कादंबरीने मात्र दगा दिला. इतकी हलकीफुलकी चाललेली, आणि शेवटाकडे नायिका बाळंतपणात जाते! कसली कल्पना नाही काही नाही. दोन दिवस रडले. त्यानंतर मैत्रिणीला आधी विचारायचे, कोणी मरतं का गं यात?

*

मला आकडे लागतात. एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञ बाईंचं 2013 चं पुस्तक त्यामुळे आवडलं, 'करू नका' च्या मागे पुरावा किती ते उलगडून सांगतात. पण थोडी दारू चालते हे त्यांचं म्हणणं मी सोडून दिलं. डॉक्टरांच्या संघटना सांगतात की सुरक्षित असं प्रमाण माहीतच नाही. पुस्तक आवडलं म्हणजे सगळं पटलंच पाहिजे असं थोडीच आहे.

*

आधी एकदा गर्भपात झालेला. त्यामुळे 'अभिनंदन!' ने सुरू होणारं कुठलंही पुस्तक मी बंद करायचे. माहिती डॉक्टरांकडून घेतली आणि वाचायला प्रवासवर्णनं. बाळाचा 'ब' नाही त्यात. सुटका होती ती.

*

एकच सांगते, पुस्तक मागून उघडा. बाळ झाल्यानंतरची पानं किती ते मोजा. माझ्या चारशे पानी पुस्तकात सहा होती. रक्तस्राव काही आठवडे चालू राहतो, दूध नीट उतरायला दोन-चार दिवस लागू शकतात, विनाकारण रडू येतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या रात्री वाटलं माझंच काहीतरी बिघडलंय. आणि रडू दोन आठवड्यांनीही थांबलं नाही तर डॉक्टरांना सांगायचं, हेही त्या सहा पानांत नव्हतं.

*

धागाकर्ती परत. तिन्ही पुस्तकं मागून उघडली. अकरा पानं, चार पानं, आणि तिसऱ्यात मागे फक्त नावांची यादी. अकरावालं ठेवलंय, रबरबँड लावलाय, लक्षणांचं पान बाहेर. आता त्या बाबांनी खुनांची नावं द्यावीत.