मन शांत राहावे म्हणून आपण कोणता नियम पाळता?

प्रश्न (एक शेतकरी, आर्वी तालुका, जिल्हा वर्धा)

माझी सहा एकर कोरडवाहू शेती असून तीत कपाशी आणि तूर आहे. गेल्या दोन हंगामांत बोंडअळीने आणि ऐन वेचणीत आलेल्या पावसाने नुकसान केले, परंतु त्याहून अधिक त्रास मनाच्या अस्वस्थतेचा होतो. पहाटे डोळा उघडताच मोबाईलवर कापसाचा भाव पाहतो, धुऱ्यापलीकडचे पीक सदैव आपल्यापेक्षा बरे वाटते आणि रात्री जागलीला गेलो तरी कृषी केंद्राची उधारीच आठवत राहते. वाईट दिवशीही पाळता येईल असा, आपण स्वतः पाळत असलेला एखादा नियम कृपया सांगावा.

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, दारव्हा)

भाऊ, प्रथम सर्व देणी एका वहीत लिहून काढा. मी लिहिली तेव्हा मनात तीन लाखांच्या पुढे गेलेली रक्कम कागदावर दोन लाख दहा हजार निघाली, आणि त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

माझा दुसरा नियम सोमवारी दुपारपर्यंत मौन पाळण्याचा आहे. गांधीजी सोमवारी मौन पाळत, हे विद्यार्थ्यांना घेऊन सेवाग्रामला गेलो असताना बापूकुटीच्या ओसरीत बसून मी त्यांना सांगितले होते. स्वतः पाळायला मात्र निवृत्तीनंतरच सुरुवात केली. न बोलल्यामुळे रागाच्या भरातील निम्मी उत्तरे द्यावीच लागत नाहीत.

उत्तर २ (बचत गटातील एक सदस्या, दर्यापूर तालुका)

दादा, गुरुजींची वही मला पटते, पण मौनाबद्दल माझे मत वेगळे आहे. ज्याची चिंता एकांतात वाढते, त्याने माणसांत बसावे. आमच्या गावात सूर्यास्ताच्या वेळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते. मी मोबाईल घरी ठेवून जाते.

मात्र मला खरी शांतता दिली ती दुसऱ्याच एका नियमाने: लोकांना दाखवण्यासाठी कर्ज काढायचे नाही. १८७६ साली आमच्याच जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनांतून हेच कळवळून सांगत असत. सासरे वारले तेव्हा तेरवीला गावजेवण घालावे, असा भावकीचा आग्रह होता, आणि सावकाराकडून पैसे आणण्याची तयारीही एकाने दाखवली होती. सासूबाईंनी स्पष्ट नकार दिला. आम्ही घरच्या माणसांपुरता स्वयंपाक केला आणि रात्री भजन ठेवले. पंधरा दिवस बोलणी ऐकावी लागली, काही नातेवाईक वर्षभर आले नाहीत, त्याचे वाईटही वाटले. परंतु त्या वर्षी सोयाबीन हातचे गेले तेव्हा डोक्यावर नवे कर्ज नव्हते, आणि मुलीची महाविद्यालयाची फी वेळेवर भरता आली. आता घरात कोणताही खर्च निघाला की सासूबाई एवढेच विचारतात, "हे आपल्यासाठी आहे की गावासाठी?"

उत्तर ३ (आरोग्य कर्मचारी, यवतमाळ जिल्हा)

भाव दिवसातून एकदाच, ठरावीक वेळी पाहावा. मात्र झोप दोन आठवड्यांहून अधिक काळ उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर केवळ नियमांवर विसंबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येते, आणि जिल्हा रुग्णालयातही दाखवता येते. कृपया संकोच करू नका.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. काल रात्री पत्नीसोबत वही लिहिली. मी विसरलेल्या दोन उधाऱ्या तिला ठाऊक होत्या आणि ती इतके दिवस एकटीच त्यांची काळजी करीत होती, हे मला प्रथमच कळले. भाव आता दुपारी जेवणानंतरच पाहणार आहे. झोप अजून नीट नाही, त्यामुळे आज त्या क्रमांकावर फोन करीन. गुरुजी, सोमवारी मौनात असताना दारी कोणी आले तर आपण काय करता?