‘जेनफोर्ज’मध्ये कुठल्याच गटात न जाणं ही पळवाट आहे का?

सयाजीगंज (बडोदे): ‘जेनफोर्ज’ या कॉम्प्युटर गेमचं २०२१चं नवं रूप, ‘म्युटाजेन’, संपवलं. ज्या गटांचं एवढं कौतुक ऐकलं ते नावालाच निघाले. ओबेयर, अवेकन्ड, टेकर, तिघांकडे गेलो, जमली तेवढी कामं केली, सामील कुणातच झालो नाही. तरी शेवट गाठला. मग हे गट हवेत कशाला? वेळ फुकट.

रामबागकर (इंदूर): ‘वेळ फुकट’ वाचून राहवलं नाही. खेळातले शेपर, म्हणजे जादूने जिवंत प्राणी घडवणारे, सुशिया बेट सोडून गेले आणि त्यांनीच चाकरीसाठी घडवलेले सर्विल मागे राहिले. मालक परत येईल म्हणत त्यांच्या पिढ्या गेल्या, त्यातून हे गट फुटले. पेंटिल गावचे ओबेयर अजून मालकाच्या सेवेलाच धर्म मानतात. वक्किरीचे अवेकन्ड म्हणतात, आम्ही तुमच्या बरोबरीचे. काझगच्या टेकरांना शेपर संपवायचेत. आणि आपण कोण? शिकाऊ शेपर, म्हणजे मालकाच्याच घरातलं पोर! ‘मी कुणाचाच नाही’ म्हणालात तरी तुमच्यामागे चालणारा फायोरा (आग ओकणारा सरडा) तुम्हीच घडवलेला असतो, त्याला कुणी विचारलेलं नसतं. तुम्ही तटस्थ नव्हता हो, फक्त नाव नोंदवलं नव्हतं.

मल्हारगंजची: गटांचं नंतर बघू. त्या चित्रांबद्दल कुणीच कसं बोलत नाही? पैसे मोजून घ्यायचं आणि पडद्यावर ठोकळे बघायचे. भावाला दाखवला तर तो पाच मिनिटांत उठून गेला.

रामबागकर: हा गेम बनवणारा जेफ व्होगेल १९९४ पासून स्पायडरवेब चालवतोय, घरच्या घरी म्हणावी इतकी छोटी कंपनी. चित्रांवर खर्च केला असता तर एवढे शेवट लिहायला हात उरले नसते. भावाला पेंटिलपर्यंत तरी जाऊ द्या.

लष्करवाला (ग्वाल्हेर): रामबागकर, गटांचं नीट मांडलंत, पण मूळ तक्रार तशीच राहते. गटाबाहेर राहणाऱ्याला खेळात पुरेशी किंमत मोजावी लागत नाही. खरं जग असं नसतं.

रामबागकर: खऱ्या जगाचंच सांगतो. आमच्या गल्लीतलं गणेश मंडळ मंडपाच्या जागेवरून फुटलं. बाबा कुणाच्याच बाजूने बोलले नाहीत. पुढे आरतीला दोन्हीकडून बोलावणं येईना. आणि मोठं उदाहरण हवं तर १८०३ बघा. शिंदे-भोसले इंग्रजांशी लढत होते आणि यशवंतराव होळकर बाजूला राहिले. १८०४ मध्ये एकटे लढले. बाजूला राहणं फुकट पडत नाही.

लष्करवाला: एक होळकरांचा माणूस हे कबूल करतोय याचा आनंद आहे. असईच्या लढाईत २३ सप्टेंबरला होळकरांची फौज सोबत असती तर?

रामबागकर: थांबा. १८०१ च्या ऑक्टोबरात सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं ते कुणाच्या वतीने? दौलतराव शिंद्यांच्याच ना? आमचं शहर लुटायचं आणि दोन वर्षांनी मदतीची अपेक्षा करायची!

लष्करवाला: त्याच्या आधी जुलैत होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेची काय गत केली होती तेही लिहा. अर्धाच इतिहास सांगू नका. पुढच्या वर्षी पुण्यावर चालून गेले, पेशवा वसईला पळाला आणि ३१ डिसेंबरला तह करून इंग्रजांच्या पदरात पडला. हे कुणामुळे?

सयाजीगंज: माझ्या धाग्यावर हे काय चाललंय? मी गेमबद्दल विचारलं होतं.

लष्करवाला: बडोदेकरांनी मध्ये पडू नये. गायकवाडांनी १८०२ मध्येच इंग्रजांशी तह करून आपलं बघितलं होतं.

सयाजीगंज: आणि म्हणून आमचं राज्य टिकलं, सयाजीरावांना शाळा-ग्रंथालयं उभारता आली! टिकून राहणाऱ्याला ओबेयर म्हणून हिणवायचं असेल तर खुशाल हिणवा.

मल्हारगंजची: अहो, हे वाक्य पेंटिलचा कुठलाही सर्विल म्हणेल! तुम्ही ज्यांना नावालाच म्हणालात त्या गटाची बाजू आत्ता इतक्या तळमळीने मांडलीत. राज्य टिकवायचं, की बरोबरी मागायची, की लढायचं, हाच तर त्या बेटावरचा वाद आहे.

लष्करवाला: हे मान्य करावं लागतंय. तरी गटाबाहेरच्या खेळाडूला आणखी त्रास व्हायला हवा होता, हे माझं मत कायम. आणि उज्जैनचं उत्तर अजून आलेलं नाही.

सयाजीगंज: ठीक आहे, ओबेयरांकडून पुन्हा खेळतो. पटलंय असं समजू नका. फक्त तीन गटांचे शेवट खरंच वेगळे आहेत का ते बघायचंय.

मल्हारगंजची: मग या खेपेला कॅनिस्टरना, म्हणजे शरीर बदलून ताकद देणाऱ्या त्या डब्यांना, हात लावू नका. ताकद वाढते, पण डोक्यात हवा जाते आणि शेवटही त्याप्रमाणे बदलतो. लीडरशिप (बोलून पटवणं) आणि मेकॅनिक्स (यंत्रं हाताळणं) या कौशल्यांत गुण घाला, बऱ्याच ठिकाणी लढाईच टळते. आणि बेटावर आलेल्या परक्यांचा म्होरक्या त्रायकोव्ह, त्याच्याशी बोलायच्या आधी वेगळं सेव्ह ठेवा.