ड्रायव्हरवर ४६० सीसी लिहिलंय, पण हेड खरंच तेवढं असतं का?

खारघर_फेअरवे
नमस्कार मंडळी. मी खारघर व्हॅलीला खेळतो, रविवारचा गोल्फर. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून सेकंडहँड ड्रायव्हर (लांब फटक्याची गोल्फ स्टिक) घेतलाय, जाहिरातीत हेडचं आकारमान ४६० सीसी, लॉफ्ट म्हणजे फेसचा तिरकेपणा १०.५ डिग्री, शाफ्ट म्हणजे दांडा स्टिफ, असं सगळं ठळक लिहिलेलं. काल मित्राच्या ४६० शेजारी जमिनीवर ठेवला तर माझा नुसत्या डोळ्यांनाच लहान दिसतोय, मागची बाजू तर चांगलीच आखूड. मित्र म्हणतो आकार वेगळा असतो, सीसी तेवढेच असतात. हे खरं आहे का आणि घरी मोजता येतं का? माझा बॉल बऱ्याचदा हीलकडे, म्हणजे हेडच्या दांड्याजवळच्या टोकाला लागतो म्हणून मुद्दाम मोठं हेड शोधत होतो, त्यामुळे आकडा खोटा निघाला तर मी सोडणार नाहीये.

वागळे_टूलरूम
मित्राचं अर्धं बरोबर आहे. पसरट हेड वरून मोठं दिसतं, उभ्या उंचीला जास्त फेस (बॉलला लागणारी बाजू) असलेलं तेवढ्याच सीसीचं हेड लहान दिसतं, त्यामुळे डोळ्यांवर जाऊ नका. आणि ४६० हा मुळात नियमातला कमाल आकडा आहे, यूएसजीए आणि आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी २००४ पासून लावलेला, वर १० सीसीची सूट. १९९१ चा पहिला बिग बर्था ड्रायव्हर फक्त १९० सीसीच्या आसपास होता आणि तेव्हा लोकांना तोच अवाढव्य वाटायचा! टायटॅनियम आल्यावर हेड फुगत गेली म्हणून मर्यादा आली. आता बहुतेक जण त्या मर्यादेपर्यंत जातात आणि जाहिरातीत तोच गोल आकडा छापतात.

मोजायचं सोपं आहे. किचनचा डिजिटल काटा घ्या, ५ किलोवाला, त्यावर रुंद तोंडाचा डबा, निम्म्याहून जास्त पाणी, आणि काटा शून्यावर आणा. सोलवरचे (हेडच्या तळावरचे) स्क्रू आणि खाचा चिकटपट्टीने नीट बंद करा. मग शाफ्ट धरून हेड पाण्यात दाबा, दाबावंच लागेल कारण २०० ग्रॅमच्या आसपासचं पोकळ हेड आपोआप बुडत नाही. क्राउन, म्हणजे हेडचा वरचा भाग, जेमतेम पाण्याखाली गेला की थांबा, होझल (दांडा बसतो ती नळी) वर राहू द्या. तळाला किंवा कडेला अजिबात टेकवू नका, टेकलं की आकडा चुकला. काट्यावर जेवढे ग्रॅम तेवढे सीसी. झालं की लगेच पुसून कोरडं करा.

सीवूड्स_सीनिअर
वागळेंनी पद्धत छान सांगितली, पण मला विचाराल तर सीसीच्या मागे लागण्याआधी लॉफ्ट तपासा. हेडवर १०.५ कोरलेलं असलं तरी प्रत्यक्षात एखादी डिग्री इकडेतिकडे असणं अगदी नेहमीचं आहे, त्यात फेस वक्र असतो त्यामुळे कुठे मोजलं यावरही आकडा बदलतो. बॉल किती उंच जाणार ते यावर ठरतं. शाफ्टच्या स्टिफचं तर काही विचारूच नका, त्याला कुठलंच सामाईक प्रमाण नाही, एका कंपनीचा स्टिफ दुसरीचा रेग्युलर निघतो.

आणि तुमचा त्रास हीलकडे लागण्याचा आहे ना, मग तुम्हाला सीसीपेक्षा एमओआय बघायचाय, म्हणजे फटका कडेला बसला तर हेड किती कमी फिरतं ते. तिथेही जाहिरात नीट वाचा. नियमात उभ्या अक्षाभोवतीची एमओआयची मर्यादा ५९०० आहे, मग जाहिरातीतलं हे १०के, म्हणजे १०,०००, कुठून आलं? तर आडव्या अक्षाचा आकडा त्यात मिळवलेला असतो. खोटं नाही, पण दुकानात हे कुणी सांगत नाही आणि ते सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे.

खारघर_फेअरवे
मोजला! आईने डबा द्यायला आधी नकार दिला, पण जमलं एकदाचं. पुन्हा पुन्हा दाबून बघितलं, काटा ४४६ ते ४५० मध्येच राहतोय. मग मॉडेलचं नाव नीट बघितलं तर उत्पादकाच्या साइटवरच त्याला ४५० सीसी लिहिलंय, लहान हेडवालं व्हर्जन आहे ते. म्हणजे ४६० विक्रेत्याने आपल्या मनाने टाकलंय. आता काय करू?

वागळे_टूलरूम
मग कंपनीचा काही दोष नाही. लहान हेडची व्हर्जन बऱ्याच कंपन्या काढतात, ४३० ते ४५० च्या दरम्यान, ज्यांना बॉल डावीउजवीकडे मुद्दाम वळवायचा असतो त्यांच्यासाठी. तुमच्यासाठी ते नाहीच. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आत्ता लगेच काढून ठेवा, ते लोक रातोरात बदलतात. उत्पादकाच्या पानाचाही काढा, आणि विक्रेत्याला लेखी कळवा की वर्णनाप्रमाणे वस्तू नाही, परत घ्या. घरच्या काट्याचा आकडा पुढे करू नका, त्यावर ते वाद घालत बसतील, उत्पादकाचा ४५० पुरेसा आहे.

घोडबंदर_ग्राहक
नाही ऐकलं तर १९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात. ऑर्डर नंबर आणि पैसे भरल्याची पावती जवळ ठेवा. आणि तोपर्यंत त्या ड्रायव्हरने खेळू नका दादा, फेसवर नवा ओरखडा दिसला की परत घ्यायला नाही म्हणायला त्यांना कारणच मिळतं.