'द डार्क साइड ऑफ द मून': १९७३ चा क्वाड मिक्स आणि २००३ चा ५.१ मिक्स, तुलना नेमकी कशी करावी?

ध्वनिवेडा_लातूर

नमस्कार मंडळी. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७३ सालच्या या अल्बमचे दोन सराउंड मिक्स, म्हणजे श्रोत्याच्या चहूबाजूंनी आवाज येईल अशा दोन जुळण्या, मी गेला महिनाभर आलटूनपालटून ऐकतो आहे, आणि जितके अधिक ऐकावे तितका निर्णय लांबतो आहे. पहिला मिक्स अल्बमचे ध्वनितंत्रज्ञ ॲलन पार्सन्स यांनी १९७३ मध्ये केलेला, चार वाहिन्यांचा, म्हणजे चार स्पीकरांचा क्वाड. दुसरा ध्वनितंत्रज्ञ जेम्स गथ्री यांचा ५.१ (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर), जो अल्बमला तीस वर्षे झाली तेव्हा २००३ मध्ये एसएसीडीवर, म्हणजे सीडीच्या अधिक दर्जेदार प्रकारावर, आला. या अल्बमच्या २०११ च्या 'इमर्शन' संचातील ब्ल्यू-रेवर हे दोन्ही ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट दर्जात आहेत. म्हणजे तबकडी तीच, यंत्रणा तीच, तेव्हा तुलना सोपी जाईल असा माझा समज होता.

माझी खोली बारा बाय चौदा फुटांची आहे. खाली शहाबादी फरशी आहे आणि बसण्याची जागा मागच्या भिंतीला टेकलेली आहे. मागचे दोन स्पीकर ५.१ च्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे कानाच्या रेषेपासून किंचित मागे, दोन्ही बाजूंना ठेवले आहेत. गथ्री यांचा मिक्स या खोलीत भरलेला आणि शांत वाटतो. पार्सन्स यांच्या मिक्समध्ये मात्र 'मनी' या गाण्याच्या सुरुवातीची नाणी, फाटणारा कागद आणि गल्ल्याची घंटा हे आवाज खोलीभर फिरण्याऐवजी माझ्या दोन कानांशी येऊन थांबतात आणि पाठीमागे काहीच उरत नाही. खर्जही अशक्त वाटतो. माझ्या मित्राचे म्हणणे असे की मिक्स जुना आहे, त्यामुळे तो असाच असणार. मला ते पटत नाही. दोष मिक्सचा आहे की माझ्या मांडणीचा, हे जाणकारांनी सांगावे.

तार_आणि_खांब_संभाजीनगर

दादा, दोष मांडणीचाच आहे. क्वाडची कल्पनाच मुळात चौकोनी खोलीची आहे. ऐकणारा मध्ये बसलेला आणि चार कोपऱ्यांत चार स्पीकर, म्हणजे मागची जोडी समोरच्या मध्यरेषेपासून साधारण १३५ अंशांवर. ५.१ च्या प्रमाणित मांडणीत हीच जोडी ११० अंशांच्या आसपास असते, म्हणजे जवळजवळ कानांच्या बाजूला. पार्सन्स यांनी जो आवाज तुमच्या पाठीमागच्या कोपऱ्यात ठेवला होता, तो तुमच्याकडे कानाशेजारून निघतो. त्यातून तुम्ही भिंतीला टेकून बसता, तेव्हा पाठीमागे आवाजाला जागाच नाही. आधी आसन भिंतीपासून किमान तीन फूट पुढे घ्या आणि मगच मागचे स्पीकर कोपऱ्यांकडे सरकवा.

समोरच्या जोडीबाबत मात्र काटेकोर चौकोनाचा हट्ट धरू नये, असे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. समोरचे स्पीकर ४५-४५ अंशांवर नेले की दोघांमध्ये मोठी पोकळी पडते, आणि क्वाडमध्ये मधला स्पीकर नसल्यामुळे गायकाचा आवाज याच दोघांच्या मध्ये उभा राहायचा असतो. तो तिथे विरळ होतो. मी समोरची जोडी ३० अंशांच्या थोडी बाहेर ठेवतो आणि फक्त मागची जोडी हलवतो.

खर्जाचे कारण वेगळे आहे आणि त्याचा मिक्सच्या वयाशी संबंध नाही. ५.१ मधल्या '.१' वाहिनीसारखी सबवूफरची स्वतंत्र वाहिनी क्वाडमध्ये नसते. तुमच्या रिसीव्हरमध्ये चारही स्पीकर 'लार्ज' म्हणून नोंदलेले असतील, तर सगळा खर्ज त्या लहान स्पीकरांकडेच जातो आणि सबवूफर गप्प बसतो. ते 'स्मॉल' करा आणि विभाजन, म्हणजे ज्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवा. एसएसीडी ऐकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. काही रिसीव्हरांत डीएसडी (एसएसीडीवरचा डिजिटल संकेत) थेट वाजवला की खर्जाचे नियोजन आणि स्पीकरच्या अंतराची दुरुस्ती, दोन्ही बंद पडतात. अशा वेळी प्लेअरमधूनच पीसीएम (सीडीवर असतो तसा डिजिटल संकेत) काढून घेणे बरे.

आता मिक्सबद्दल. 'टाइम'च्या आरंभी वाजणारी घड्याळे पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या एका दुकानात जाऊन एकेक करून मुद्रित केली होती, आणि तीही या अल्बमसाठी नव्हे, तर क्वाड ध्वनीच्या प्रात्यक्षिकासाठी. 'मनी'ची ध्वनिफीतही तिचे तुकडे खोलीभर फिरावेत याच हिशेबाने बांधलेली होती. म्हणजे या अल्बमच्या काही भागांचा जन्मच चार कोपऱ्यांच्या विचारातून झाला आहे. स्टीरिओ आधी आणि सराउंड नंतर, हा नेहमीचा क्रम इथे पुरता लागू पडत नाही. याच कारणाने मी पार्सन्स यांच्या मिक्सला केवळ ऐतिहासिक वस्तू मानायला तयार नाही. या बँडची ही हौसही जुनी आहे. १९६७ च्या मे महिन्यात लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमधील कार्यक्रमात बँडचे कीबोर्डवादक रिचर्ड राइट एका दांड्याच्या साहाय्याने सभागृहातील आवाज श्रोत्यांभोवती फिरवत होते.

आपल्या वडील मंडळींपैकी कोणी क्वाडची जुनी तबकडी ऐकून नाराज झाले असेल, तर तेही समजण्यासारखे आहे. त्या काळी ईएमआय या रेकॉर्ड कंपनीची तबकडी एसक्यू पद्धतीची होती. चार वाहिन्या दोन वाहिन्यांत गुंडाळून खाचेत कोरायच्या आणि घरी डिकोडरने पुन्हा सोडवायच्या. त्या सोडवणुकीत पुढचे आणि मागचे आवाज एकमेकांत बरेच मिसळत. तुमच्या ब्ल्यू-रेवर चारही वाहिन्या स्वतंत्र आहेत.

गोदाकाठ_नांदेड

वरील तांत्रिक भाग मला मान्य आहे. निष्कर्ष मात्र मान्य नाही.

आमच्या घरी ऐकणारे चौघे असतो आणि सतरंजीवर ओळीने बसतो. क्वाडमध्ये मधोमध बसलेल्यालाच गायक समोर दिसतो, कडेला बसलेल्याकडे तो जवळच्या स्पीकरमध्ये सरकतो. पाच स्पीकरांच्या मिक्समध्ये ही अडचण पुष्कळ कमी होते. दुसरे असे की मूळ ध्वनिमुद्रण सोळा ट्रॅकचे होते आणि जागा संपली की काही ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या फितीवर उतरवले जात. गथ्री यांनी त्या दुसऱ्या पिढीच्या फितींवर न थांबता पहिल्या पिढीच्या मूळ फिती जुळवून घेतल्या. 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये क्लेअर टोरी यांचा आवाज ज्या उंचीवर जाऊन फुटू पाहतो, तिथे त्या कष्टाचे फळ ऐकू येते. श्वास, घशातला खरखरीतपणा आणि त्यामागचा पियानो हे वेगवेगळे राहतात.

पार्सन्स यांनी स्वतः गथ्री यांच्या कामाचे कौतुक करतानाच ते मूळ स्टीरिओशी जरा जास्तच इमानी राहिल्याची तक्रार केली होती. मला तो इमानीपणाच हवासा वाटतो. ज्या अल्बमचा प्रत्येक क्षण पाठ आहे, त्यात गिटार अचानक मागून आली की माझे लक्ष गाण्यावरून उडून स्पीकरवर जाते.

२०२३ मध्ये गथ्री यांचाच डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे छताकडूनही आवाज येणारा, मिक्सही आला. छताला स्पीकर नसतील तर वरचे आवाज खालच्याच स्पीकरांत मिसळून मिळतात, तेव्हा तुमच्या यंत्रणेवर त्यासाठी आत्ताच खर्च करू नये.

तार_आणि_खांब_संभाजीनगर

चौघांच्या ओळीचा मुद्दा खरा आहे, तो मी विचारात घेतला नव्हता. लातूरच्या दादांना एकच सूचना करतो. दोन्ही मिक्सची पातळी फोनवरील ध्वनिमापकाने जुळवून घ्या. एका डेसिबलने मोठा असलेला मिक्सही कानाला अधिक चांगला वाटतो, आणि आपण समजतो की आपण मिक्सची पारख केली.

ध्वनिवेडा_लातूर

सर्वांचे मनापासून आभार. सांगितले तसे सगळे केले, फक्त रात्री अकरानंतर केले, कारण आमच्याकडे सध्या कूलर चालू असला तर अल्बमच्या आरंभीचे हृदयाचे ठोके कोणत्याच मिक्समध्ये ऐकू येत नाहीत. कूलर बंद केला. आसन साडेतीन फूट पुढे घेतले. फरशीवरून आवाज उसळत होता म्हणून समोर सतरंजी अंथरली, आणि मागच्या भिंतीवर आईच्या हातची जाड गोधडी दोरीवर टांगली.

पहिला फरक खर्जाचा. चारही स्पीकर खरोखरच 'लार्ज' होते. ते बदलताच 'मनी'ची बास गिटार जागेवर आली. मग 'टाइम'. घड्याळे वाजू लागली तेव्हा पहिल्यांदाच मला ती खोलीच्या चारही कोपऱ्यांत टांगलेली जाणवली. उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यातला टोल इतका स्पष्ट होता की मान आपोआप वळली. पातळी मोजली तेव्हा ५.१ मिक्स जवळपास दोन डेसिबलने मोठा वाजत होता. महिनाभर त्याला जे झुकते माप मिळत होते, त्यातला काही भाग त्या दोन डेसिबलचा होता.

तरीही नांदेडच्या मित्रांचे म्हणणे मी खोडू शकत नाही. 'द ग्रेट गिग'साठी मी गथ्री यांच्याच मिक्सकडे परत गेलो आणि तिथेच राहिलो. 'टाइम' आणि 'मनी' मात्र आता मला क्वाडमध्येच हवे आहेत. 'ऑन द रन'बाबत अजून ठरलेले नाही. मागच्या स्पीकरांच्या स्टँडसाठी फरशीवर खडूने दोन जोड्या खुणा केल्या आहेत, एक १३५ अंशांची आणि एक ११० अंशांची. झाडू मारताना त्या पुसू नयेत, असे घरात सांगून ठेवले आहे.