फडात पाजणाऱ्या बाईचा फोटो आणि खालची ती ओळ

माळरान :
कालपासून गावच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. उसाच्या फडात बसून एक बाई लेकराला पाजतेय. खाली ओळ : ‘हिला ना सुट्टी लागते, ना वेगळी खोली. शहरातल्या मॅडमनाच सगळे लाड.’ सगळ्यांनी हात जोडलेत. मला काही झोप लागली नाही, म्हणून लिहितेय.

मी बीड जिल्ह्यात आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती आहे. दवाखान्यातून बाळ घरी आलं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी मी जाऊन बघते. बाळ नीट धरतंय का, बाळंतिणीच्या छातीत गाठी झाल्यात का. पण ऊसतोडीला टोळी निघाली की माझ्या वहीतली नावं तशीच राहतात, आणि जिथे फड पडतो तिथल्या आशाच्या यादीत ही बाई नसते. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला दोघांची जोडी धरतात. ती बसली तर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटत नाही, वर मुकादम खाड्याचे (कामावर न आलेल्या दिवसाचे) पैसे कापतो. म्हणून पंधराव्या दिवशी फडात. एक पोरगी मला सांगत होती, झोळी ट्रॉलीच्या सावलीला बांधलेली, झोका द्यायला सात वर्षांची थोरली. बाळ रडलं की ऐकू येतं, पान्हा फुटतो, झंपर ओला होतो, पण मोळी बांधून झाल्याशिवाय उठता येत नाही. उठली तरी हात धुवायला पाणी नाही, कॅनमधलं पिण्यापुरतंच. दुसऱ्या महिन्यात दूध आटलं. मग पावडरचा डबा, तोही पातळ करून, त्याच कॅनच्या पाण्यात. हिला सुट्टी ‘लागत नाही’ हे ठरवलं कोणी?

सदाशिव :
भावना पोचल्या. पण माझ्या आईने शेतात राबून आम्हा पाच जणांना अंगावर पाजलं. तेव्हा कोणी समुपदेशक नव्हते. आणि २०१७ पासून २६ आठवड्यांची रजा आहेच की. बाई कामगार विम्यात (ईएसआय) नसेल तर त्या रजेचा सगळा पगार मालकानेच द्यायचा. माझं छोटं वर्कशॉप आहे, मला विचारा काय होतं ते. पुढच्या वेळी माणूस बाई घ्यायलाच कचरतो.

दोन लेकरांची आई :
काका, तुमच्या आईजवळ घरात सासू-जावा होत्या ना? तोच तर आधार. मी हिंजवडीत एकटी. २६ पैकी आठ आठवडे बाळंतपणाआधीच घ्यावे लागले, रक्तदाब वाढला होता. सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या म्हणतात, आणि मी कामावर हजर झाले तेव्हा बाळ चार महिन्यांचं. ५० किंवा जास्त माणसं असली की पाळणाघर हवं हा कायदा आहे. आमच्याकडे ते कागदावर. टॉयलेटमध्ये उभी राहून दूध काढलं, गाठ झाली, ताप १०३. हे लाड?

एसटीप्रेमी :
खोलीचं म्हणाल तर आमच्या तालुक्याच्या स्टँडवर हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजायची खोली आहे. कायम कुलूप. बायको तान्ह्याला घेऊन बसलेली, मी चावीसाठी तीन खिडक्या फिरलो. शेवटी दार उघडलं तर आत जुने फलक आणि झाडू.

कागदपत्रे :
मुळात हिरकणीच्या गोष्टीला समकालीन पुरावा आहे का? खोलीला नाव देण्याआधी तेवढं बघायला हवं होतं.

एसटीप्रेमी :
रायगडावर बुरूज आहे. जाऊन या.

कागदपत्रे :
बुरुजाला नाव आहे म्हणजे घटना घडली, असं होत नाही. हे शाळेत शिकवत नाहीत म्हणूनच असले प्रतिसाद येतात.

दोन लेकरांची आई :
इथे बायकांची दुधं आटतायत आणि तुम्ही बखरी काढताय! वेगळा धागा काढा.

माळरान :
असू द्या, मला उलट हिरकणीच आठवत होती. ती गवळण होती. गडावर दूध विकायला गेलेली कामकरी बाई. दरवाजे बंद झाले, लेकरू खाली, म्हणून कडा उतरली. आपण पिढ्यान्‌पिढ्या तिच्या धाडसाचं कौतुक करतो. दार उघडायला कोणी तयार नव्हतं, हे कोणी बोलत नाही. त्या फोटोखाली हात जोडणारेही तेच करतायत. ऑफिसवालीला निदान कायद्याने पगारी रजा. फडातल्या बाईला सरकारच्या मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. तेही कागद जुळले तर.

धारावीकर :
सोय केली की होतं. सायनच्या पालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये दूधपेढी सुरू केली. माझा पोरगा सातव्या महिन्यात झाला, सव्वा किलोचा. बायकोला दूधच येईना. पहिले नऊ दिवस तो दुसऱ्या आयांच्या दुधावर होता. त्या बायका कोण, आम्हाला माहीत नाही.

सदाशिव :
ठीक आहे. ती ओळ मीही पुढे पाठवली होती, ग्रुपवरून काढतो. पण रजेचा बोजा एकट्या मालकावर नको, सरकारने उचलावा, यावर मी ठाम आहे. आणि माझ्या आईला कोणाचा आधार नव्हता. आजी आधीच गेलेली.

माळरान :
मग त्यांनी फार सोसलं, काका. रजेचे पैसे सरकारने द्यावेत, हे मला पटतं. तसं झालं तर फडातल्या बाईलाही मागता येईल.

दसरा झाला की टोळ्या निघतील. माझ्या गावातून यंदा तीन गरोदर बायका जाणार, एकीचे दिवस मार्गशीर्षात भरतायत. इंदापूर, माळशिरसकडच्या कोणा आशाताईंशी ओळख असेल तर सांगा. नावं आणि तारखा मी आधीच देऊन ठेवते.

नीरा काठ :
माझी जाऊ इंदापूर तालुक्यात आशा आहे. कारखान्याजवळच घर. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.