मदत हवी आहे: ग्रंथालयात लेख सापडत नाहीये (१९७२चा दुष्काळ)

नमस्कार मंडळी,

पीएचडीचं दुसरं वर्ष. विषय १९७२चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजना. मी तालुक्याच्या गावी शिकवते, विद्यापीठ एसटीने साडेतीन तास.

एका जुन्या पुस्तकाच्या तळटीपेत 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'तल्या (ईपीडब्ल्यू) लेखाचा उल्लेख मिळाला: खंड ८, वर्ष १९७१. ग्रंथालयाच्या ओपॅकवर (कॉम्प्युटरवरची ग्रंथसूची) लेखाचं नाव टाकलं, काही नाही. लेखकाचं टाकलं, तेच. काउंटरवर म्हणाले, "मॅडम, कॉम्प्युटरवर नाही म्हणजे नाही." गुगल स्कॉलरवर दिसतो, पण क्लिक केलं की लॉगिन मागतं. पुन्हा सुट्टी काढून जायच्या आधी काय करू?

---

उत्तर १

ताई, ओपॅकमध्ये पुस्तकं आणि नियतकालिकांची नावं असतात, आतल्या लेखांची सहसा नसतात. त्यामुळे वीकलीचं नाव टाका. जुने अंक वर्षवार बांधून ठेवलेले असतात, नियतकालिक विभागात 'बाउंड व्हॉल्यूम' म्हणून मागा.

आणि तळटीपेत घोळ आहे. ईपीडब्ल्यू या नावाने सुरू झालं १९६६ला, म्हणजे खंड ८ हा १९७३चा. १९७१चा मागितला असतात तर फेरी फुकट गेली असती. (जुन्या तळटीपांत वर्षापेक्षा खंडावर भरवसा ठेवावा, हा माझा अनुभव.)

---

उत्तर २

घरून वाचायचं तर इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राची 'इन्फेड' सोय (बाहेरून लॉगिन करून नियतकालिकं वाचायची) विद्यापीठात आहे का ते ग्रंथपालांना मेलवर विचारा. असेल तर ग्रंथपालच खातं काढून देतात. जानेवारी २०२५पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची योजनाही आहे, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, पण सरकारी संस्थांसाठी. तुमचं कॉलेज खासगी असेल तर विद्यापीठाच्याच मेल आयडीवरून नोंदणी करून बघा.

ईपीडब्ल्यूचे जुने अंक जेस्टॉर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर आहेत. तिथे मोफत खातं काढलं की महिन्याला १०० लेख स्क्रीनवर वाचता येतात, डाउनलोड होत नाहीत.

शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) याच विषयावरचे प्रबंध बघा. प्रबंध नाही वाचलात तरी चालेल, संदर्भसूची मात्र चाळाच.

---

धागाकर्ती

दोघांचेही आभार! आधी फोन केला. नियतकालिक विभागातल्या काकांनी १९७३चा खंड काढून ठेवला होता, धूळसुद्धा पुसून. लेख मिळाला. फक्त शेवटची दोन पानं कुणीतरी ब्लेडने सफाईदार कापून नेलीत, शिवणीपाशी कागदाची बोटभर पट्टी तेवढी राहिलीय.

ती दोन पानं आता जेस्टॉरवर वाचतेय. वहीत उतरवून घेते.